हसू परत आणायचे, तर सुरुवात दाढांपासून

पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी शेवटी होते. साच्यातून काढलेली मूर्ती आधी नीट वाळते, सांधे भरून घासले जातात, अंगाला रंग चढतो आणि मगच जाणत्या हाताचा कारागीर डोळे आखायला घेतो. अंग ओले असताना डोळ्यांना कुणी हात लावत नाही. ज्यांच्या तोंडातले बरेचसे दात किडलेले, झिजलेले, हलणारे किंवा पडून गेलेले असतात, त्यांची दवाखान्यातली पहिली मागणी मात्र नेमकी उलटी असते: पुढचे दात तेवढे नीट करून द्या, मागचे सवडीने बघू. ही मागणी समजण्यासारखी आहे. बोलताना तोंडापुढे हात धरणे, फोटोत ओठ मिटून उभे राहणे, सोयरिकीच्या बैठकीत गप्प बसून राहणे हे दुःख लहान नाही, आणि त्याला कुणी नटवेपणा म्हणू नये. पण सगळे तोंडच मोडकळीला आलेले असताना पुढच्या दातांपासून सुरुवात केली, तर पैसे दोनदा जातात आणि हसूही टिकत नाही. ते का, हे एकदा लक्षात आले की उपचारांचा पुढचा सगळा क्रम आपोआप उलगडतो.

जबडा हा अडकित्त्यासारखा चालतो. त्याचा सांधा कानाजवळ. सुपारी सांध्याच्या जवळ धरली तर फुटते, टोकाला धरली तर हात दुखतो. दाढा सांध्याजवळ असतात, त्यांना दोन-तीन मुळे असतात, आणि चावण्याचा खरा भार त्यांनीच घ्यायचा असतो. पटाशीचे दात एकमुळी आणि पातळ. त्यांचे काम घास तोडणे, जबड्याला वाट दाखवणे आणि उच्चारांना आधार देणे. दाढा गेल्या की माणूस चावायचे थांबवत नाही. तांदळाची भाकरी आमटीत कुस्करून खातो, सुकटीऐवजी मऊ मासा घेतो, आणि जे चावायचे ते पुढच्या दातांनी चावतो. त्या भाराखाली दोन गोष्टी घडतात. हिरड्या घट्ट असतील तर पुढचे दात झिजून आखूड होतात. हिरड्या कमकुवत असतील तर दात ढकलले जाऊन बाहेर येतात आणि त्यांच्यात फटी पडतात. 'वयामुळे दात पुढे आले' असे आपण म्हणतो, तेव्हा कारण बहुतेक वेळा मागे पडलेल्या खिंडारात असते. त्या खिंडारात शेजारचा दात कलंडतो, समोरचा दात वरून खाली उतरतो, आणि नवा दात बसवायला जागाच उरत नाही. अशा तोंडात पुढे सहा सुंदर कॅप बसवल्या, तर ज्या भाराने मूळचे दात मोडले तोच भार त्या कॅपवर येतो. मग कॅप निघते, तिचा टवका उडतो किंवा आतले मूळच चिरते, आणि दोष कॅपच्या कंपनीला दिला जातो. याला अपवाद आहे तो अपघाताचा. महामार्गावर दुचाकी घसरून पुढचे दोन दात मोडले आणि बाकीचे तोंड निरोगी असेल, तर उपचार थेट पुढच्याच दातांचा करावा. ओघात हेही सांगायला हवे की मोठ्या माणसाचा किंवा मुलाचा पक्का दात मुळासकट बाहेर पडला, तर मुळाला हात न लावता तो दुधात ठेवून तासाभरात दंतवैद्याकडे पोहोचावे. पुष्कळदा तोच दात परत बसवता येतो.

दाढा गेल्या कशाने, हा त्याआधीचा प्रश्न. त्याचे उत्तर न शोधता केलेली बांधणी म्हणजे वाळवी न मारता नवे वासे घालणे. आपल्याकडे कारणे फार गूढ नाहीत. प्रौढांमधल्या तंबाखूसेवनाच्या 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे दिसले, आणि त्यातही धूर नसलेली तंबाखू घेणारे 24.4 टक्के होते. यात मशेरी येते. ती दात स्वच्छ करते असा समज असल्याने बाया दिवसातून अनेकदा लावतात; प्रत्यक्षात ती कवच घासते, हिरडी मागे सारते आणि निकोटिनची सवय लावते. दुसरे कारण मधुमेह. साखर ताब्यात नसेल तर हिरड्यांचा रोग वेगाने हाड खातो, आणि हिरड्यांचा जुना रोग असेल तर साखर आटोक्यात आणणे कठीण जाते. दोन्हीकडून ओढ असते. तिसरे, झोपेत दात खाण्याची सवय, जी स्वतःला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला कळते. चौथे कारण धाटावसारख्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावे: आम्लाच्या वाफेने पुढच्या दातांचे कवच विरघळते, हे बॅटरीच्या आणि धातूच्या कारखान्यांतल्या कामगारांमध्ये जगभर नोंदले गेले आहे. कामावर आम्ल हाताळावे लागत असेल, तर दंतवैद्याने विचारले नाही तरी ते सांगावे. वर्षानुवर्षांची आम्लपित्ताची जळजळ किंवा वारंवार होणारी उलटी हीही सांगण्यासारखीच गोष्ट आहे.

म्हणून पहिल्या भेटीत दात बघण्याआधी तोंड बघून घ्यावे लागते. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, हे घरीच तपासा. जात नसतील आणि सुपारी किंवा गुटख्याची सवय असेल, तर गालाखालचा थर आवळत चालल्याची शक्यता आहे. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी असली तरी हा आजार नुसत्या सुपारीनेही होतो, आणि श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचा लौकिक असलेल्या जिल्ह्यात ही गोष्ट कुणाला ऐकायला आवडत नाही. तोंडच उघडत नसेल तर मागच्या दाढेवर कोणताही उपचार धड होत नाही, आणि हा आजार पुढे कर्करोगाकडे वळू शकतो. दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा पुसला न जाणारा पांढरा वा लाल चट्टा दिसला, तर कॅपची चर्चा तिथेच थांबवून आधी तुकडा तपासून घ्यावा. त्यासाठी परळच्या टाटा रुग्णालयापर्यंत जाण्यापेक्षा त्याच केंद्राचे खारघरचे 'अॅक्ट्रेक' पेण-रोह्याला जवळ पडते. तंबाखू सोडण्यासाठी 1800-112-356 हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. पहिल्या भेटीला चालू औषधांची चिठ्ठी बरोबर न्या. रक्त पातळ करण्याची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. हाडे ठिसूळ झाल्यावर देतात ती इंजेक्शने किंवा गोळ्या चालू असतील तर दात काढण्याआधी सांगा, कारण त्या औषधांवर असताना काढलेल्या दाताची जागा कधी कधी भरत नाही. साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी आणि संपूर्ण जबड्याचा ओपीजी एक्सरे या दोन कागदांवर पुढचा बराचसा निर्णय अवलंबून असतो.

यानंतरचा टप्पा दिसायला सगळ्यांत रुक्ष असतो, आणि रुग्ण गळतात ते इथेच. हिरड्या स्वच्छ करणे, कीड काढणे, वाचणाऱ्या दातांचे रूट कॅनल, न वाचणारे दात काढणे. यातले काहीच आरशात दिसत नाही. 'दात साफ केले की ते हलायला लागतात' ही तक्रार गावोगाव ऐकू येते, तिचे उत्तर सरळ आहे. हाड आधीच गेलेले असते. दातांभोवती जमलेल्या दगडासारख्या किटणाने ते हलणारे दात एकमेकांना चिकटून धरलेले असतात. किटण निघाले की खरी अवस्था उघडी पडते. पण किटण तसेच ठेवले तर उरलेले हाडही जाते, आणि काढले तर काही आठवड्यांत हिरडी आवळून दात पुष्कळदा घट्टही होतो. म्हणूनच सफाईनंतर महिना-दीड महिन्याने पुन्हा तपासून मगच कोणता दात ठेवायचा ते ठरवावे. पहिल्याच दिवशी सगळ्या दातांचा निकाल लावण्याची घाई करू नये. वरचा दात काढल्याने डोळ्यांवर परिणाम होतो, ही भीतीही सोडून द्यावी. दाताच्या आणि दृष्टीच्या नसा वेगळ्या आहेत. दात वाचवण्यासारखा आहे की नाही, हे ओळखण्याची एक खूण वाचकालाही समजेल अशी आहे. कॅपला धरायला हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर तरी निरोगी दात लागतो. ती कड नसेल, तर उत्तम रूट कॅनल करूनही कॅप निघते किंवा मूळ चिरते. अशा दातावर खर्च करण्याआधी 'याला कड किती उरली आहे' असे विचारावे. दंतवैद्याला प्रश्न आवडेल.

मग सगळेच दात काढून कवळी का करू नये? खर्च कमी, भेटी कमी, कटकट संपली. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण ज्याचे सगळेच दात हलत आहेत आणि ज्याला वारंवार येणे शक्य नाही, त्याच्यासाठी चांगली बनवलेली पूर्ण कवळी हाच योग्य उपचार असतो. पण वाचणारे दात सोयीसाठी काढणे म्हणजे परत न मिळणारी वस्तू विकणे. दाताच्या मुळामुळे जबड्याचे हाड टिकते. दात काढल्यावर पहिल्या वर्षातच त्या जागेच्या हाडाची रुंदी साधारण निम्म्यावर येते, आणि पुढेही झीज चालूच राहते. वरच्या कवळीला टाळूचा आधार असतो म्हणून ती बसते. खालच्या कवळीला जीभ सतत उचलत असते. खालची कवळी डब्यात पडून राहिल्याची घरे आपल्याकडे कमी नाहीत. यासाठी खालच्या जबड्यात दोन-तीन मजबूत मुळे जरी वाचली तरी ती बुटकी करून, रूट कॅनल करून, त्यांच्यावर कवळी टेकवता येते. एकही मूळ नसेल, तर पुढच्या भागात दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेली कृत्रिम मुळे, बसवून त्यांना कवळी अडकवणे हा खालच्या जबड्यासाठी पहिल्या पसंतीचा उपचार मानावा, असा निष्कर्ष मॅकगिल विद्यापीठात 2002 मध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी काढला होता. दहा इम्प्लांटची स्वप्ने पाहण्यापेक्षा हा मधला मार्ग पुष्कळ कुटुंबांच्या आवाक्यात येतो.

रोग थांबला, जे ठेवायचे ते ठरले, की खरी बांधणी सुरू होते, आणि तिचा पाया दातांचा नसून उंचीचा असतो. दाढा जाऊन आणि दात झिजून वरचा-खालचा जबडा एकमेकांच्या जास्त जवळ आलेला असतो. नाक आणि हनुवटीतले अंतर घटते, ओठांच्या कडांना घड्या पडतात, चेहरा वयापेक्षा म्हातारा दिसतो. ही गेलेली उंची मोजून-मापून परत द्यावी लागते. फार वाढवली तर जबडा आणि स्नायू दुखतात, कमी दिली तर नव्या दातांना जागा मिळत नाही. त्यासाठी दोन्ही जबड्यांची मापे घेऊन प्लास्टरचे साचे ओततात. पेणच्या मूर्तीला लागणारे आणि या साच्यांना लागणारे प्लास्टर एकाच जिप्समच्या कुळातले. त्यावर मेणाने भावी दात घडवून बघतात, आणि त्या नमुन्यावरून तात्पुरते प्लास्टिकचे दात करून तोंडात बसवतात. माझ्या मते सगळ्या उपचारातला हा सर्वांत मोलाचा टप्पा, आणि नेमका हाच गाळला जातो. तात्पुरते दात घालून काही आठवडे भाकरी खावी, बोलावे, झोपावे. सकाळी कानशिले दुखतात का, एखादा दात आधी टेकतो का, गाल चावला जातो का, ते टिपून ठेवावे. साठपासून सत्तरपर्यंत मोठ्याने अंक म्हणून बघावेत. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट म्हणताना दात एकमेकांवर आपटत असतील तर उंची जास्त झाली आहे. 'फ' आणि 'व' म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाच्या आतल्या काठाला अलगद लागली पाहिजे. हे सगळे प्लास्टिकमध्ये घासून, भरून सुधारता येते. पक्के दात भाजून आले की दुरुस्ती महाग पडते. घरच्या माणसांनी मत द्यायचे ते याच वेळी, रंगाबाबतही. साठीच्या माणसाला कागदासारखे पांढरे दात दिले की ते दुरूनच कळतात.

इथे दुसरा आक्षेप येतो: तोवर पुढच्या मोडक्या दातांनी लोकांत वावरायचे कसे? तसे वावरावे लागत नाही. पुढचा दात काढायचा असेल तर काढण्याआधीच माप घेऊन त्याच दिवशी काढती-घालती तात्पुरती पट्टी देता येते. मोडलेल्या दातांना सिमेंट भरून तात्पुरता आकार देता येतो. पुढच्या दातांना शेवटी हात लावायचा याचा अर्थ तोवर त्यांना उघडे ठेवायचे असा नाही; पक्के काम शेवटी, एवढाच. 'एका दिवसात फिक्स दात' या जाहिरातींबद्दलही तेच. इम्प्लांटवर लगेच दात बसवण्याच्या पद्धती आहेत, निवडक जबड्यांत त्या यशस्वीही होतात. पण पहिल्या दिवशी बसवलेले दात बहुधा तात्पुरतेच असतात, आणि इम्प्लांटभोवती हाड घट्ट व्हायला तीन ते सहा महिने लागतात. स्वीडनच्या ब्रॅनमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले, त्यानंतर तंत्र पुष्कळ पुढे गेले, पण हाडाची गती आपलीच राहिली. धूम्रपान करणाऱ्यांत इम्प्लांट अपयशी होण्याचे प्रमाण जास्त असते, हेही जाहिरातीत लिहिलेले नसते. सगळ्यांत धोकादायक मात्र बाजाराच्या कडेला मिळणारे स्वस्त 'फिक्स' दात. शेजारच्या चांगल्या दातांना तार गुंडाळून त्यावर गुलाबी प्लास्टिक थापले जाते. त्याखाली अन्न कुजते आणि वर्ष-दोन वर्षांत तारेने धरलेले चांगले दातही जातात. दंतवैद्यकाला 1948 पासून कायद्याने नोंदणी लागते. नोंदणी नसलेल्याला हे काम करण्याचा अधिकार नाही. भिंतीवर राज्य दंत परिषदेच्या नोंदणीचे प्रमाणपत्र आहे का, ते बघण्यात संकोच नको.

खर्चाचा आक्षेप सर्वांत खरा. पण पूर्ण तोंडाची बांधणी म्हणजे अठ्ठावीस दात मोजून भरणे, ही समजूतच खर्च फुगवते. हॉलंडमधल्या निमेगन विद्यापीठाचे अर्न्ट कायसर यांनी 1981 मध्ये दाखवून दिले की पुढचे दात आणि त्यामागच्या उपदाढा, म्हणजे मिळून वीस दात, समोरासमोर नीट टेकत असतील, तर शेवटच्या दाढा नसतानाही बहुतेक माणसांचे चावणे समाधानकारक चालते. जपानने 1989 पासून ऐंशीव्या वर्षी वीस दात ही मोहीम चालवली, ती याच आकड्याभोवती. तेव्हा आपल्या योजनेत सर्वांत मागच्या दाढांसाठी इम्प्लांट असतील, तर 'यांच्याशिवाय भागेल का' हा प्रश्न जरूर विचारा. झोपेत दात खाण्याची सवय किंवा हिरड्यांमुळे हललेले पुढचे दात असतील तर उत्तर 'नाही' असेल, आणि ते कारण पटण्यासारखे आहे. मागे जिथे कुणाला दिसत नाही तिथे धातूवरच्या सिरॅमिकची किंवा नुसत्या धातूची कॅप उत्तम चालते. झिर्कोनियाची कॅप सगळीकडे हवीच असे नाही. सगळे पैसे आधी भरू नका, टप्प्याटप्प्याने द्या, आणि प्रत्येक टप्प्याचा खर्च व अवधी लेखी घ्या. जो दंतवैद्य रोग थांबवण्याचा, तात्पुरत्या दातांचा आणि नंतरच्या देखभालीचा टप्पा वेगळा मांडत नाही, फक्त कॅपची संख्या आणि किंमत सांगतो, त्याच्याकडून होकार देण्याआधी दुसरे मत घ्यावे.

ठिकाण निवडताना सगळे काम एकाच ठिकाणी झाले पाहिजे असे नाही. सफाई, दात काढणे, भरणे ही कामे पेण किंवा रोह्यातच करावीत. शासकीय रुग्णालयात कोणत्या दिवशी दंतवैद्य असतात ते विचारून घ्यावे. उंची वाढवण्याचे आणि कृत्रिम दातांचे काम त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या, म्हणजे प्रोस्थोडॉन्टिस्टच्या देखरेखीखाली व्हावे. हा तज्ज्ञ गावात मिळाला तर उत्तमच. नाहीतर कामोठ्याचे एमजीएम, बेलापूरचे भारती विद्यापीठ अशी दंत महाविद्यालये पनवेलच्या पलीकडेच आहेत, आणि मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातले शासकीय आणि मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय आहे. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी अध्यापकांच्या नजरेखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पण प्रत्येक पायरी तपासली जाते आणि खर्च खासगीपेक्षा पुष्कळ कमी येतो. दिवा-रोहा मेमूच्या वेळा धरून सकाळची भेट मागून घ्यावी, आणि एका फेरीत लांब बैठक घ्यायची विनंती आधीच करावी. एक्सरे, उपचारांची नोंद आणि इम्प्लांट बसवले असेल तर त्याच्या कंपनीचे व मापाचे कार्ड आपल्याकडे ठेवावे. पाच वर्षांनी एखादा स्क्रू ढिला झाला, तर त्या कार्डावाचून तो दुसऱ्या दवाखान्यात घट्ट करून घेणे जिकिरीचे होते.

सगळे मिळून आठ महिने ते वर्ष लागेल असे धरून चालावे आणि सुरुवात आपल्या कामाच्या हंगामाप्रमाणे करावी. मूर्तिकाराने भाद्रपद उलटल्यावर सफाई आणि दात काढण्याला हात घालावा, म्हणजे पुढच्या धावपळीआधी तात्पुरते दात तोंडात रुळलेले असतील. भातशेती असेल तर कापणी-झोडणी आटोपल्यावर. लावणीच्या दिवसांत टाके घातलेले तोंड घेऊन चिखलात उभे राहायची वेळ येऊ नये. पाळीत काम करणाऱ्याने रात्रपाळीच्या आठवड्यात दात काढण्याची तारीख घेऊ नये. पक्के दात बसल्यानंतर पहिल्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी दाखवून यावे. ब्रिजच्या, म्हणजे एकमेकांना जोडून बसवलेल्या दातांच्या, खालून दोरा किंवा बारीक ब्रश फिरवायला दवाखान्यातच शिकून घ्यावे आणि तिथे एकदा स्वतः करून दाखवावे. दात खाण्याची सवय असेल तर रात्रीची पारदर्शक पट्टी रोज घालावी. ती गरम पाण्यात धुऊ नये, वाकडी होते. थंडीत पोपटी लागेल तेव्हा वालाच्या शेंगा, बटाटे बिनधास्त खावेत. फक्त कोंबडीचे हाड नव्या कॅपखाली फोडून बघू नये.